मांजराची कातडी कोरडी पडलीय, सारखी खाजवते. घरच्या घरी काय करता येईल?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. आमची चिंगी सहा वर्षांची आहे, करडी-पांढरी. पिल्लू असताना पावसात जिन्याखाली सापडली, तेव्हापासून घरातच असते. दिवाळी झाली, नाशकात थंडी पडली आणि हिचं खाजवणं सुरू झालं. आधी वाटलं, थंडीत आपलेही हातपाय उलतात, तसंच असेल. पण पंधरा दिवसांत ते वाढतच गेलंय. रात्री अडीच-तीनला पलंगाखालून ठक ठक ठक आवाज येतो. मागच्या पायाने मान खाजवताना तिचा पाय फरशीवर आपटत असतो. शेपटीच्या वर, कमरेपाशी कोंडा आहे. काळ्या शालीवर झोपून उठली की पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसतं.

परवा खोबरेल कोमट करून पाठीला चोळलं. अर्ध्या तासात तिने सगळं चाटून काढलं आणि दुसऱ्या दिवशी तीन वेळा पातळ शी झाली. फार वाईट वाटलं. पिसवा नाहीत, मी केस बाजूला करून बघितलंय. खाणं म्हणजे सकाळी दूधपोळी, संध्याकाळी पाकिटातले कोरडे दाणे.

दवाखान्यात न्यायचं तर रिक्षात बसल्यापासून ओरडते, लाळ गाळते. म्हणून आधी घरी काही करता आलं तर बघायचंय. कुणाला अनुभव आहे का?

आजोळ

सायली, खोबरेल जास्त झालं असेल. आमच्या सांगलीच्या घरी मांजरांना कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी लावायचे. माझ्या आईने कितीतरी मांजरं सांभाळली, कुठे होते तेव्हा डॉक्टर! पाला उकळून गार करून कापडाने पूस. हळदही लावून बघ.

रातराणी

आजोळकाकू, रागावू नका, पण कडुलिंबाचं तेल तरी कुणी मांजराला लावू नका. आणि सायलीताई, खाजेवर दुकानातून आणून काहीही घालू नकोस. माझी गोष्ट सांगते, थोडी लांब आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गोट्याला खाज सुटली. घराजवळच्या एका दुकानात मानेवर घालायचे थेंब मागितले. त्यांनी एक ट्यूब दिली आणि म्हणाले, कुत्र्याचंच आहे, पण मांजराला अर्धं घातलं की चालतं. मी घातलं. चार तासांनी गोट्याचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. उभं राहता येईना. रात्री साडेअकराला पुण्यात उघडा दवाखाना शोधत आम्ही फिरलो. त्या औषधात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विषच. दोन दिवस सलाईनवर होता, वाचला. ट्यूबवर कुत्र्याचं चित्र होतं, मी बघूनही घातलं. आजही मला त्याचं थरथरणं आठवतं.

पशुवैद्य_कऱ्हाड

रातराणीताई, तुम्ही हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. अशी मांजरं दरवर्षी येतात आणि सगळी वाचत नाहीत.

सायलीताई, मी कऱ्हाडला लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यात दोन गोष्टी आहेत. एक, खाज आणि कोंडा कमरेपाशी, शेपटीच्या मुळाशी आहे. दोन, मान खाजवतेय. मांजराच्या बाबतीत हे ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव पिसवांचं येतं. 'पिसवा दिसल्या नाहीत' यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण मांजर स्वतःला इतकं चाटतं की पिसू अंगावर सापडायच्या आत तिच्या पोटात गेलेली असते. ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते तिला दोनचार चावे पुरतात.

तेव्हा आज रात्री एवढं करा. पांढरा टिश्यू किंवा कापूस ओला करून पिळून घ्या. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या वरचे केस उलटे विंचरा. फणीत जे काळे कण येतील ते त्या ओल्या टिश्यूवर टाका आणि दोन मिनिटं थांबा. माती असेल तर काळीच राहील. पिसवेची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ते पचलेलं रक्तच असतं.

दुसरं, डोळे मिटून मानेवरून आणि पाठीवरून बोटं फिरवा. केसांखाली बाजरी सांडल्यासारखं खरखरीत लागतं का? त्या बारीक खपल्या असतात. इंग्रजीत याला मिलिअरी डर्मटायटिस म्हणतात, आणि लॅटिनमध्ये मिलियम म्हणजे वरी-बाजरीसारखं बारीक धान्यच. ज्याने हे नाव दिलं त्यानेही बोटं फिरवूनच दिलं असणार.

तोपर्यंत अंगावर काही लावू नका. मांजराच्या कातडीला लावलेलं सगळं तासाभरात तिच्या पोटात जातं, तुमच्या खोबरेलाचं झालं तसंच. शिवाय कितीतरी रसायनं बाहेर टाकण्यासाठी जे काम आपलं यकृत करतं ते मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. म्हणून आपल्याला चालणारं टी ट्री ऑइल, कापूर, पाण्यात घातल्यावर पांढरं होणारं जंतुनाशक, यांनी मांजर आजारी पडतं. कॅलामाइनमध्ये झिंक असतं, तेही चाटून पोटात जायला नको. आणि खाजेने अस्वस्थ आहे म्हणून पॅरासिटॅमॉलचा तुकडासुद्धा कधी देऊ नका, एका गोळीत मांजर दगावतं.

आजोळ

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे दोन पिल्लं लहानपणीच गेली होती, कशाने ते कुणाला कळलं नाही. मी माझा वरचा सल्ला मागे घेते. सायली, हळदही नको लावूस.

सायली_नाशिक

आत्ता करून बघितलं. ट्यूबलाइटखाली टिश्यू धरला होता. आधी काळी कसपटंच दिसत होती, चहाची पूड सांडावी तशी. मिनिटभरात एकेका कणाभोवती विटकरी रंग उतरायला लागला. अंगावर काटा आला. मानेवर बोट फिरवलं तर बाजरी, हुबेहूब! सहा वर्षं मी हिला रोज कुरवाळते आणि मला हे कळलं नाही.

पण डॉक्टर, ती बाहेर जात नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. पिसवा आल्या कुठून?

तीन_बोके

तुमच्या जिन्यात भटकी कुत्री-मांजरं झोपतात का? आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत झोपतात. पिसवा आपल्याच पँटच्या घोट्याला बसून घरात येतात. चपला दाराबाहेर काढल्या तरी येतात.

पशुवैद्य_कऱ्हाड

बरोबर. आणि एक पिसू घरात आली की मांजराच्या अंगावर दिवसाला चाळीसेक अंडी घालते. अंडी चिकटत नाहीत, मिठाच्या कणांसारखी गळून पडतात, म्हणजे मांजर जिथे झोपतं तिथे. साधारण हिशेब असा धरतात की अंगावर दिसणाऱ्या पिसवा ५ टक्के, बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश होऊन गादीत, सोफ्याच्या खाचांत, फरशीच्या फटींत असतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने वाट बघू शकते. पायांचा धक्का, ऊब आणि श्वास जाणवला की बाहेर येते. म्हणून नुसतं मांजराला औषध घालून आठ दिवसांत 'औषध लागू पडलं नाही' म्हणणारे लोक चूक करतात.

औषध मात्र मांजरासाठीचंच, आणि वजन करून. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब मिळतात. चिंगीला हातात घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. तेवढा आकडा आणि मानेचा फोटो तुमच्या जवळच्या पशुवैद्यांना दाखवा. चिंगीला न नेताही पहिलं बोलणं करता येतं. थेंब घालायची जागा मानेवर, डोक्याच्या अगदी खाली, जिथे तिची जीभ पोचत नाही. केसांवर नाही, भांग पाडून कातडीवर. दर महिन्याला, निदान तीन महिने. घरात दुसरं मांजर-कुत्रं असेल तर त्यालाही त्याच दिवशी, पण त्याचं त्याचं औषध. ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्याजवळ नको.

आणि पिसू पोटात गेली की तिच्यातून पट्टकृमी जातो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर जंताचंही औषध लागेल.

मांडवी_काठ

इथे थोडं खाण्याबद्दल विचारते. आम्ही पणजीचे, आमच्या मांजरीला रोज मासळी, बहुतेक बांगडा नाहीतर तारले, तेही उकडून. केस इतके चकचकीत की पाहुणे विचारतात. तर कोरड्या कातडीला मासळी चांगली, असं म्हणता येईल का? सायलीच्या दूधपोळीबद्दल मला काळजी वाटली म्हणून लिहिलं.

पशुवैद्य_कऱ्हाड

मांडवीताई, तुम्ही उकडून देता हे फार चांगलं. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. पण एकट्या मासळीवरही मांजर ठेवू नये. आणि बांगडा-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर असतं ही गोष्ट खरी आहे.

सायलीताई, दूधपोळीबद्दल मांडवीताईंची काळजी रास्त आहे. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूधपोळी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. पूर्वीची मांजरं ती दूधपोळी खाऊन बाहेर उंदीर, पाली, पाखरं मारायची. त्यांचं खरं पोषण त्यातून होत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या चिंगीला उंदीर कुठून मिळणार? मांजराला टॉरिन लागतं, ते प्राण्यांच्या मांसातच असतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात. त्यात मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. घरात शाकाहार असेल तर मांजराचं म्हणून मिळणारं तयार खाणं द्या, पण पोळीवर ठेवू नका.

अजून एक. कातडीसाठी म्हणून बरेच जण जवसाचं तेल देतात. आपल्याला चांगलं, मांजराला जवळजवळ निरुपयोगी, कारण जवसातल्या ओमेगा-३ चं हवं ते रूपांतर तिचं शरीर करू शकत नाही. तिला ते माशातूनच मिळायला हवं. माशाच्या तेलाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि कॉड लिव्हर ऑइल नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

हिमवर्षाव

आम्ही मिनियापोलिसला असतो. इथे हिवाळ्यात बाहेर उणे वीस आणि घरात दिवसरात्र हीटर, हवा इतकी कोरडी की मांजराला हात लावला की चट्‌कन ठिणगी बसते. आमच्या मोत्याचा कोंडा खरोखरच हवेचा होता, पिसवा तपासून झाल्या होत्या. खोलीत ह्युमिडिफायर लावला, दमटपणा चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवला. पण सगळ्यात जास्त फरक ओल्या खाण्याने पडला. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, डब्यातल्या ओल्या खाण्यात पाऊणशे टक्क्यांच्या वर. मांजराला तहान फारशी लागतच नाही, ती पाणी खाण्यातूनच घेते.

आणि मोत्या आठ किलोचा झाला होता. वजनामुळे त्याची जीभ कमरेपर्यंत पोचायचीच नाही, आणि कोंडा नेमका तिथेच. वजन उतरलं तसा कोंडाही गेला. म्हातारी, सांधे दुखणारी मांजरंही तिथे चाटू शकत नाहीत. त्यांना रोज मऊ ब्रशने विंचरायला हवं.

तीन_बोके

मी रस्त्यावरची मांजरं बघते, म्हणून एक गोष्ट राहू नये असं वाटतं. सगळी खाज पिसवांची नसते. कानाच्या कडा आणि चेहरा राखाडी, जाड, सुकलेल्या चिखलासारखा झाला असेल तर ती खरूज. कानात कॉफीच्या गाळासारखं काळं असेल तर कानातले किडे. आणि गोल गोल जागी केस जाऊन खपली धरली असेल तर गजकर्ण, ते माणसांनाही होतं. आमच्या मजल्यावरच्या एका लहान मुलीच्या दंडावर गोल चट्टा आला. घरच्यांनी स्टिरॉइडचं मलम लावलं, चट्टा दोन दिवस फिका पडला आणि मग पसरला. तेच मलम त्यांनी मांजरालाही लावलं होतं! शेवटी दोघांनाही बुरशीचं औषध घ्यावं लागलं. घरात लहान मूल असेल आणि कुणाच्याही अंगावर गोल चट्टा दिसला तर घरगुती काही न करता मूल त्याच्या डॉक्टरकडे आणि मांजर तिच्या डॉक्टरकडे न्या.

सायली_नाशिक

गोल चट्टे नाहीत, कान स्वच्छ आहेत. इथल्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलले, फोटो पाठवले, वजन ३ किलो ९००. त्यांनी मांजराचे थेंब लिहून दिले. काल घातले. मानेवर भांग पाडायला नवऱ्याला टॉर्च धरायला लावला.

आता खाज कमी होईपर्यंत तिला आराम वाटेल असं काही आहे का? खाजवून मानेला एक ओरखडा झालाय.

पशुवैद्य_कऱ्हाड

ओरखडा कोरडा असेल तर मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाईनने, हलकं पुसा आणि मोकळा ठेवा. त्यातून पू आला, वास आला किंवा चिंगीने दिवसभर खाणं सोडलं तर रिक्षातल्या ओरडण्याचा विचार न करता उचलून न्या. मांजर उपाशी राहिलं की, त्यातून ती जाड असेल तर, यकृत पटकन बिघडतं. मागच्या पायांची नखं टोकाला कापा, फक्त पारदर्शक भाग, गुलाबी नाही. त्याने अर्ध्या जखमा टळतात.

थेंब घातल्यावर दोन दिवस अंग ओलं करू नका. त्यानंतर ओट्स वापरून बघा. साधे ओट्स घ्या, मसाला ओट्स अजिबात नाहीत, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. (लसणाने पिसवा जातात असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.) मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळा. चमचाभर पेल्यातल्या पाण्यात घालून ढवळलं की पाणी दुधाळ व्हायला हवं, खाली गाळ बसला तर अजून दळा. त्या पिठाची जुन्या मलमलीत पुरचुंडी बांधून कोमट पाण्यात पिळा. त्या पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं कमरेवर आणि पाठीवर पाचेक मिनिटं हलकं ठेवत जा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून टॉवेलने कोरडं करा. चाटलं तरी पोटाला त्रास नाही, म्हणून मला हा उपाय आवडतो. बादलीत बसवून अंघोळ घालू नका आणि आपला शाम्पू, बेबी शाम्पूसुद्धा, वापरू नका. आठवड्यातून एकदा बास. उघड्या जखमेवर मात्र नको.

आणि फरशी. फिनेलचं पाणी काही दिवस पूर्ण बंद. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं.

आजोळ

गोधड्या उकळत्या पाण्यात भिजवल्या तर चालतील का? आमच्याकडे उन्हात टाकायचे, त्यानेच जातात असं वाटायचं.

पशुवैद्य_कऱ्हाड

काकू, हे तुमचं अगदी बरोबर. साठ अंशांच्या वर गरम पाणी हवं, मशीन असेल तर त्यात तसा आकडा असतो. नुसत्या उन्हावर सोडू नका, शिवणीत अळ्या राहतात. आधी गरम पाणी, मग ऊन. दर आठवड्याला.

सायली_नाशिक

तीन आठवडे झाले, कळवते. पहिले सहा-सात दिवस काहीच फरक नव्हता, उलट मला सोफ्यावर एक जिवंत पिसू उडताना दिसली आणि मी घाबरले. मग वरचं कोशाचं परत वाचलं. सोफा भिंतीपासून ओढला, गाद्यांच्या कडा व्हॅक्यूमने काढल्या आणि पिशवी लगेच बांधून खाली नेऊन टाकली. चिंगीची गोधडी तीनदा गरम पाण्यातून काढली. आजीच्या नऊवारीची आहे, रंग थोडा गेला. जाऊ दे.

ओट्सचं फडकं दोनदा केलं. पहिल्यांदा पळाली. दुसऱ्यांदा मांडीवर टॉवेल घालून, हनुवटी खाजवत केलं तर मान लांब करून बसून राहिली.

दूधपोळी सोडवताना जास्त त्रास झाला, तिलाही आणि सासूबाईंनाही. त्या म्हणाल्या, तोंडचा घास काढून घेतलात बिचारीच्या. आता ओलं खाणं सकाळी त्यांच्याच हातून देतो, त्यामुळे दोघी खूश आहेत.

काल मानेवरून बोट फिरवलं. बाजरी जवळजवळ गेलीय, दोनतीन दाणे आहेत. रात्रीची ठक ठक थांबलीय. मी मात्र अजून अडीचला जागी होते आणि कान देऊन ऐकते.

रातराणी

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. गोट्यातर्फे चिंगीला एक पापी.

पशुवैद्य_कऱ्हाड

छान झालं. पण बरं वाटतंय म्हणून दुसरा आणि तिसरा डोस चुकवू नका. घरातले शेवटचे कोश फुटायला वेळ लागतो. तीन महिन्यांनंतरही कोंडा राहिला तर मग रक्त तपासायचं, किंवा खाण्याची ॲलर्जी आहे का ते बघायचं. त्यासाठी किमान आठ आठवडे एकच ठरवून दिलेलं खाणं द्यावं लागतं. पण तेव्हाचं तेव्हा.

सायली_नाशिक

कॅलेंडरवर दोन्ही तारखांना लाल गोल केलाय. एक शेवटचं विचारते. जिन्याखाली एक कबरी मांजरी असते, पोटुशी दिसतेय. तिच्याही पाठीवर तसाच कोंडा आहे. तिला थेंब घालता येतील का? नाही घातले तर आमच्या घरात परत यायच्याच.

तीन_बोके

पोटुशी असेल तर स्वतःच्या मनाने घालू नका, कोणतं चालतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पिल्लं होतील तेव्हा त्यांच्या हिरड्यांवर लक्ष ठेवा. पिसवा फार असल्या तर रक्त शोषून पिल्लांच्या हिरड्या पांढऱ्या पडतात आणि पिल्लं दगावतात. सध्या तिला जिन्याखाली एक खोका द्या, आत जुना सुती कपडा घाला आणि तो दर तीनचार दिवसांनी बदलून गरम पाण्यात टाका. रोज एकाच वेळी खायला दिलंत तर पंधरा दिवसांत अंगाला हात लावू देईल, मग फणी फिरवता येईल. पिल्लं दूध सोडतील तेव्हा तिच्या नसबंदीचं बघू. नाशकात हे काम करणारे लोक मला माहीत आहेत, मेसेज करते.